जर्मनच्या वर्गात पंधरावा

नाही पण मी म्हणतो, कौतुक कशाला? आं? ज्या विभागाचा पंखा बावीस वर्षांत कुणी दुरुस्त केला नाही, ज्या विभागाची पाटी अर्धी गळून नुसती 'परकीय भाषा वि' एवढीच उरलीय आणि नवी मुलं येऊन मला विचारतात की परकीय भाषा विरुद्ध कोण, त्या विभागाबद्दल कुलगुरू साहेब भर सभेत उभे राहतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "आपला भाषा विभाग म्हणजे विद्यापीठाचं भूषण आहे." भूषण... बावीस वर्षं अडगळ होतो, एका दुपारीत भूषण झालो. फ्रेंचवाल्या सरांचे डोळे भरून आले, त्यांचे कशानेही भरतात, पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मी संशयी माणूस नाही, तुम्हाला सांगतो, पण ज्याला कालपर्यंत कुणी विचारत नव्हतं त्याला आज कुणी भूषण म्हणालं, की समजायचं, निरोपाचं भाषण लिहून तयार आहे.

मी त्या विभागाचा कारकून. सगळे भाऊसाहेब म्हणतात. विभाग म्हणजे काय मोठा कारखाना नाही, जर्मन शिकवणाऱ्या बाई, त्याच विभागप्रमुख, मग फ्रेंचवाले सर, आणि मग मी. रशियनच्या मॅडम होत्या, त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जागेवर कुणी आलं नाही, आणि त्यांची छत्री अजून माझ्या कपाटात आहे. एक वर्गखोली, एक बाहेरची खोली जिथे माझं टेबल, आणि भिंतीपलीकडे कॅन्टीन. बावीस वर्षं मी हजेरीपट लिहितोय, आणि मला जर्मनचा एक शब्द येत नव्हता. लोक हसतात याला. यात हसण्यासारखं काय आहे? नदीकाठी जन्मलेल्या प्रत्येकाला पोहता येतंच असं कुठे आहे?

तर ते भूषण झालं सोमवारी. मंगळवारी एक माणूस टेप घेऊन आला. काही बोलला नाही, नमस्कार नाही, रामराम नाही, सरळ वर्गखोलीत गेला आणि भिंत मोजायला लागला. मी विचारलं, काय हो, कशासाठी मोजताय? तर म्हणतो, "सहज." सहज कुणी भिंत मोजतं का? तुम्ही कधी सकाळी उठून म्हणालात का, चला, जरा भिंत मोजून येऊ? बुधवारी पाण्याचा नवा कूलर आला. मागितला नव्हता. बावीस वर्षांत मागितलेलं काही आलं नाही आणि न मागितलेला कूलर आला, त्यातून गार पाणी येतं, मी एक घोट प्यायलो आणि पेला खाली ठेवला, कारण मला कळलं की हे पाणी कुठेतरी मुरतंय.

आणि गुरुवारी पत्र आलं. मीच फोडलं. ज्या भाषेच्या पहिल्या वर्गात महिनाअखेरीस पंधरा विद्यार्थी प्रत्यक्ष हजर नसतील, त्या भाषेचं अध्यापन चालू ठेवण्याबाबत 'पुनर्विचार' करण्यात येईल. पुनर्विचार. जणू पहिल्यांदा कुणी विचार केला होता. भाषांतर आता यंत्र करतं, असं खाली लिहिलेलं, आणि पाहणी करायला एक सल्लागार येतील, त्यांना सहकार्य करावं.

जर्मनचे विद्यार्थी किती होते सांगू? सहा. त्यातला एक झोपायला यायचा. पण हजर असायचा, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे.

मी पत्र बाईंच्या टेबलावर ठेवलं. बाई म्हणजे बारीक चणीच्या, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, आवाज कधी चढत नाही, आणि चढत नाही म्हणूनच माणूस घाबरतो. त्यांनी वाचलं, घडी घातली, पुस्तकात खूण म्हणून ठेवून दिलं आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, खडू संपलेत." एवढंच. आता मला सांगा, ज्या बाईची तीस वर्षांची नोकरी, ज्या बाईचा वर्ग, ज्या बाईचं सगळं आयुष्य त्या एका कागदानं मोडीत काढलंय, ती बाई खडू मागते? मी संशयी माणूस नाही, तुम्हाला सांगतो, पण मला वाटलं, बाईंना हे आधीच माहीत आहे.

आणि मग तो सल्लागार आला. चाळिशीचा असेल, हातात टॅबलेट, बूट असे की चालल्याचा आवाज होत नाही. ज्याच्या बुटांचा आवाज होत नाही तो माणूस मला कधी आवडला नाही. आला, माझ्या टेबलासमोर उभा राहिला, आणि बाई आतून बाहेर आल्या, आणि तुम्हाला सांगतो, दोघं एकमेकांकडे बघून हसले. ओळखीचं हसले. आणि माझ्या टेबलासमोर, माझ्यापासून हातभर अंतरावर, दोघं जर्मनमध्ये बोलायला लागले.

आता बघा. एक माणूस विभाग बंद करायला आलाय. दुसरी विभागाची प्रमुख आहे. दोघांना आपली भाषा चांगली येते. आणि तरी ती दोघं मला कळणार नाही अशा भाषेत बोलतायत, मधूनमधून माझ्याकडे बघतायत, आणि बाई, ज्या तीस वर्षांत चारदा हसल्या असतील, त्या हसतायत. कुंपणच शेत खायला लागलं तर शेतानं कुणाकडे बघायचं?

मी काय केलं, हजेरीपटाच्या मागच्या बाजूला कानावर पडेल ते लिहायला लागलो. मान खाली, पेन चालू, जणू कामच करतोय. सगळं काही पकडता आलं नाही, भराभर बोलत होते, पण चार शब्द स्पष्ट ऐकले. दान. माखन. त्सू. आणि चौथा शब्द बाईंनी दोनदा उच्चारला, माझ्याकडे बघत उच्चारला... मिस्त्रा-काहीतरी.

दान, माखन, मिस्त्री. यात न कळण्यासारखं काय आहे? कुणीतरी कुणाला दान देतंय, कुणीतरी कुणाला माखन लावतंय, आणि भिंत पाडायला मिस्त्री येतोय. टेपवाला मंगळवारी मोजून गेलाच होता. तीन दिवसांचं कोडं एका मिनिटात सुटलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, सुतावरून स्वर्ग गाठायची सवय तुमची. त्या बाईंनी तुमच्या आईच्या आजारपणात तीन महिने तुमचं काम स्वतः केलं, विसरलात?" विसरलो नव्हतो. तेच तर म्हणतोय, एवढं चांगलं कुणी उगाच वागतं का?

पण नुसत्या 'त्सू'वरून तर मी लढू शकत नव्हतो. पुरावा पाहिजे. ती दोघं पुन्हा बोलणार, माझ्यासमोरच बोलणार, आणि मला कळायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी मी सहज, अगदी सहज, म्हणजे टेपवाल्यासारखा सहज, बाईंना विचारलं की कर्मचाऱ्यांना पहिल्या वर्गाला बसता येतं का हो? बाईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "येतं. नियमात आहे. संध्याकाळी सहाला." आणि त्यांच्या टेबलावर प्रवेशाचा अर्ज होता. कोरा. वरच होता. मी संशयी माणूस नाही, पण तो अर्ज तिथे सकाळपासून काय करत होता, हा प्रश्न मला तेव्हा पडायला पाहिजे होता आणि पडला नाही, याचं मला आज वाईट वाटतं.

बरं, गुपित माझ्या पोटात राहत नाही. राहील कसं? मी कॅन्टीनमध्ये चहा घ्यायला गेलो तर मावशींना सांगावं लागलंच, कारण भिंत त्यांचीही आहे, अर्धी. मावशी म्हणाल्या, "कधी येणार मिस्त्री?" मी म्हटलं, तेच तर त्यांच्या बोलण्यातून काढायचंय. मावशींनी पदर खोचला आणि अर्ज मागितला. मावशींनी ग्रंथपालाला सांगितलं, ग्रंथपालाला वाटलं भिंत पडली की जर्मनची दोन हजार पुस्तकं त्याच्या माथी, तोही आला. ग्रंथपालानं परीक्षा विभागातल्या दोघांना सांगितलं. माळी आला, कारण भिंतीबाहेरच्या वाफ्यात विटा पडणार. कुलसचिवांची टायपिस्ट आली, तिचं म्हणणं असं की आमच्या ऑफिसातून मिस्त्रीचं पत्र गेलेलं नाही, म्हणजे प्रकरण माझ्यापासूनही लपवलंय, म्हणजे गंभीर आहे. कुलगुरूंचा ड्रायव्हर आला. गाडीत मागे साहेब फोनवर बोलतात, परदेशी पाहुणे आले की यंत्र लावून बोलतात, मला काहीच कळत नाही, म्हणाला. आणि शेवटी फाटकावरचे काका आले, पहारेकरी, साठीला टेकलेले, गणवेशातच येऊन मागच्या बाकावर बसले. त्यांना मी मिस्त्रीचं सांगायला गेलो तर म्हणाले, "असेल." मला वाटलं, बेरकी आहे म्हातारा, मनातलं बोलत नाही.

अशी आम्ही नऊ माणसं, आणि आधीची सहा. मोजलंत? मी नाही मोजलं. बावीस वर्षं हजेरी घेणाऱ्या माणसानं त्या वेळी मोजलं नाही, कारण माझं सगळं लक्ष मिस्त्रीकडे.

आता वर्गाचं सांगतो. पहिल्या दिवशी बाईंनी प्रश्नार्थक शब्द शिकवले. कोण, काय, कुठे, कधी, आणि 'का'. 'का'ला जर्मनमध्ये वारुम म्हणतात. वारुम. मला तो शब्द इतका आवडला म्हणून सांगू, पन्नास वर्षं मी ज्या शब्दाच्या शोधात होतो तो हा, म्हणायला तोंड पुढे येतं, शेवटी ओठ मिटतात, समोरच्याला वाटतं याला सगळं माहीत आहे. घरी जाऊन बायकोला म्हटलं, वारुम? ती म्हणाली, "काय वारुम?" मी म्हटलं, काही नाही, नुसतंच.

आणि दुसऱ्या आठवड्यात बाईंनी दार शिकवलं. दाराशी उभ्या राहिल्या, कडीवर हात, आणि म्हणाल्या की बघा, आम्ही दार करतो, हा झाला वाक्याचा मधला भाग, पण उघडं करतो की बंद करतो हे कधी कळणार? शेवटच्या शब्दाला. शेवटी 'आउफ' आलं तर उघडलं. शेवटी 'त्सू' आलं तर बंद. तोपर्यंत थांबायचं.

मंडळी, ही भाषा नाही, ही माझ्यासारख्या माणसाची जन्मकुंडली आहे. माणूस तोंडभर बोलतोय, हात हलवतोय, आणि आपण श्वास रोखून बसलोय की शेवटी काय येतंय. बावीस वर्षं मी या भाषेच्या शेजारी बसलो आणि मला कुणी सांगितलं नाही की ती माझ्याच स्वभावाची आहे. पण मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं. त्सू. सल्लागाराच्या वाक्याच्या शेवटी त्सू होता. मी हजेरीपट काढला, मागची बाजू बघितली. 'माखन' म्हणजे लोणी नाही, माखन म्हणजे करणं. 'दान' म्हणजे तर मग. तर मग आपण हा विभाग... बंद करतो. तो म्हणाला होता. माझ्या टेबलासमोर म्हणाला होता. मी मावशींकडे बघितलं, मावशींनी ओठ घट्ट मिटले, ग्रंथपालानं वहीत 'त्सू' शब्दाला चौकट केली. सगळ्या वर्गात अशी शांतता पसरली की झोपणाराही जागा झाला.

आणि मला त्याचा आनंद व्हायला पाहिजे होता, बरं का, संशय खरा ठरला की माणसाला बरं वाटतं. पण मला बरं नाही वाटलं. मी त्या खोलीकडे बघितलं, फुटका फळा, बंद पंखा, बाई दाराशी कडीवर हात ठेवून उभ्या... आणि पहिल्यांदा मला वाटलं, अरे, हे खरंच जाणार की काय.

तरी मिस्त्री राहिला होता. तो काही कुठल्या धड्यात येईना. मी पाठ्यपुस्तकाच्या मागच्या यादीत शोधला, नाही. सुतार होता, शिंपी होता, बेकरीवाला होता, मिस्त्री नाही. महिना संपायला आठवडा उरला आणि त्या दिवशी बाईंनी स्वभावाचे शब्द काढले. फळ्यावर यादी. प्रेमळ. आळशी. धीट. लाजाळू. आणि शेवटचा शब्द त्यांनी लिहिला, लांबलचक, आणि वाचला... मिस्ट्राउइश.

माझं पेन थांबलं. मावशी वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी विचारलं, बाई, त्याचा अर्थ काय? बाईंनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या, "संशयी."

मी वही मिटली आणि उठून गेलो. वर्ग सुटेपर्यंत माझ्या टेबलाशी बसलो, दिवा न लावता. बाई बाहेर आल्या तेव्हा विचारलं, सरळ विचारलं. तुम्ही त्या माणसाजवळ माझी निंदा केलीत का?

बाई समोरच्या खुर्चीवर बसल्या. एवढ्या वर्षांत त्या माझ्या टेबलासमोर कधी बसल्या नव्हत्या. म्हणाल्या की तो सल्लागार त्यांचा विद्यार्थी, पंधरा वर्षांपूर्वीचा, पहिल्या परीक्षेत नापास झालेला. याच खोलीत शिकला, बाहेर गेला, मोठा झाला. तो म्हणाला, बाई, मला आकडा लिहावाच लागेल, पंधरा नसतील तर आपण हा विभाग बंद करतो, माझ्या हातात दुसरं काही नाही. मी खोटं लिहिणार नाही आणि तुम्हीही सांगणार नाही. मग बाई त्याला म्हणाल्या...

इथे बाईंनी बोटांवरचा खडू पुसला. मग म्हणाल्या, "मी म्हटलं, माझ्याकडे एक भाऊसाहेब आहेत. ते संशयी आहेत. त्यांना एक शंका आली की आठवड्यात ती अख्ख्या विद्यापीठाला येते. त्यांच्यासमोर आपण असंच जर्मनमध्ये बोलत राहू. जोरात बोलू."

मला वाटत होतं मी दोरीचं टोक धरून चोरापर्यंत पोचतोय, आणि दोरी माझ्याच कमरेला बांधलेली. मी म्हटलं, म्हणजे मिस्त्री नाहीच? म्हणाल्या, कुठला मिस्त्री? आणि टेपवाला? तो म्हणे कुठेही भिंत मोजत असतो, रंग लावायचा आहे, चार वर्षांपासून लावायचा आहे. मी म्हटलं, बाई, मला सरळ सांगितलं असतंत तर मी आलो असतो की. बाई म्हणाल्या, "आला असता?" आणि मी तोंड उघडलं, आणि खरं उत्तर आठवलं, आणि मिटलं. सरळ सांगितलेल्यावर मी कधी विश्वास ठेवलाय?

पण राग तो रागच. माणसाला माणूस म्हणून बोलवावं, माशासारखं गळाला लावू नये. मी ठरवलं, जायचं नाही. दुसऱ्या दिवशी नाही गेलो, तिसऱ्या दिवशी नाही गेलो. विद्यापीठभर सांगितलं नाही, एवढं मात्र केलं, मिस्त्री नाही हे कुणाला कळू दिलं नाही. का नाही कळू दिलं, वारुम, ते मला विचारू नका.

मोजणी शुक्रवारी होती. गुरुवारी सुट्टी, सकाळी दार वाजलं. फाटकावरचे काका. गणवेश नाही, साधा सदरा, हातात वही. बायकोनं चहा ठेवला. काका खुर्चीच्या कडेवर बसले आणि वही चाळायला लागले. मी म्हटलं, काका, बाईंनी पाठवलं ना तुम्हाला? ते म्हणाले, "पत्ता बाईंनी दिला. यायचं माझं मीच ठरवलं."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची मुलगी परदेशी, तिथेच लग्न, तिथेच संसार. नातू पाच वर्षांचा. त्याला फक्त तिथली भाषा येते, जर्मन. मुलगी फोन लावते, पोरगं पडद्यावर येतं, भरभर बोलतं, आणि काका मान हलवतात. पाच वर्षं नुसती मान हलवतायत. मुलगी मध्ये अर्थ सांगते, पण ती कामात असली की फोन पोरासमोर ठेवून जाते, आणि मग पोरगं बोलतं आणि आजोबा हसतात, पोरगं गप्प होतं आणि आजोबा हसतात.

"परवा त्यानं मला विचारलं, आजोबा, तुमच्याकडे कुत्रा आहे का?" काका म्हणाले. "मला कळलं, भाऊसाहेब. मुलगी नव्हती तिथे. मी म्हटलं, नाईन, म्हणजे नाही. मोठं नाही, छोटं नाही, कुत्रा नाही. तो इतका हसला..." आणि काका वहीकडे बघायला लागले. मग म्हणाले की त्यांनी यंत्रही लावून बघितलं होतं, मुलीनं दिलेलं, पण यंत्र बोलायला लागलं की पोरगं यंत्राकडे बघतं, माझ्याकडे नाही. "तुमचा मिस्त्री येवो न येवो. मला पुढचे धडे पाहिजेत."

म्हणजे आम्हा नऊ जणांत हा एकच माणूस शिकायला आला होता, आणि मी त्यालाच बेरकी समजत होतो. ते गेल्यावर बायकोनं कप उचलले. काही बोलली नाही. मीच म्हटलं, बोल की. ती म्हणाली, "मी कशाला बोलू? तुम्हाला वाटेल मलाही बाईंनी सांगितलंय." आणि खरं सांगू, मला एक क्षण वाटलंच.

शुक्रवारी सहाला मी गेलो. सगळे आलेले. सल्लागार फळ्याजवळ उभा, टॅबलेट हातात. त्यानं मोजलं, ओठ हलवत मोजलं, चौदावर थांबला आणि मी दारातून आत गेलो. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. पण खडू मोडला त्यांच्या हातात, मी बघितलं.

मला वाटलं झालं, पंधरा भरले, सुटलो. कसलं काय. सल्लागार म्हणाला, नुसती डोकी मोजून चालणार नाही, डोकी कुठूनही आणता येतात. प्रत्येकानं एक वाक्य बोलायचं. स्वतःचं, पुस्तकातलं नाही. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला, हे त्यांनाही माहीत नव्हतं. नापास झालेला विद्यार्थी होता शेवटी, कुठेतरी उट्टं काढणारच.

सहा जण बोलले, झोपणारा धरून, तो म्हणाला मला झोप येते, व्याकरण बरोबर. मावशी म्हणाल्या, कॉफी गरम आहे. माळी म्हणाला, फुलं लाल. क्रियापद विसरला, पण बाईंनी डोळ्यांनी खुणावलं आणि त्यानं शेवटी जोडून टाकलं. ड्रायव्हर उभा राहिला आणि म्हणाला, मला सगळं ऐकू येतं. सल्लागारानं त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. काका उठले, टोपी काढली, आणि हळू, एकेक शब्द जपून ठेवावा तसं म्हणाले, "माइन एंकल व्होन्ट व्हाइट व्हेक." माझा नातू लांब राहतो. सल्लागारानं लिहायचं थांबवलं. मग लिहिलं.

शेवटी मी. चौदा झालेले. सगळे माझ्याकडे बघतायत. दोन दिवस गैरहजर, आणि येत होतं ते सगळं डोक्यातून पळालेलं. टेबल, दार, खिडकी, सगळं ग्रंथपालानं आणि परीक्षा विभागातल्या दोघांनी वापरून टाकलेलं. आणि मग पोटातून एक वाक्य वर आलं, जे मी जन्मभर बोलत आलोय, फक्त त्या भाषेत कधी बोललो नव्हतो.

"इश बिन निश्ट मिस्ट्राउइश."

मी संशयी माणूस नाही. वर्गात कुणी तरी खुदकन हसलं, मावशी असतील. सल्लागारानं मान वर केली. माझ्याकडे बघितलं, आणि टॅबलेटमध्ये काही न लिहिता म्हणाला, "व्हिर्कलिश?"

खरंच? असं विचारत होता तो. तो शब्द आम्ही शिकलो नव्हतो, तुम्हाला सांगतो, कुठल्याही धड्यात नव्हता, पण मला कळला. ज्या माणसाला आयुष्यभर लोकांनी 'खरंच का?' असं विचारलंय त्याला तो कुठल्याही भाषेत कळतो. आणि मी क्षणाचाही विचार न करता विचारलं, "वारुम फ्रागन झी?" तुम्ही का विचारताय?

बाईंनी तोंडावर हात ठेवला. सल्लागार हसला, आवाज करून हसला. म्हणाला, या वर्गात आज पहिल्यांदा दोन माणसं एकमेकांशी बोलली. त्याचं बोट टॅबलेटवर आलं, पंधरा लिहिलं. जर्मन वाचलं. तीन वर्षांसाठी, मग पुन्हा पुनर्विचार, पण तीन वर्षं म्हणजे पोरगं आठ वर्षांचं होईल, काका म्हणाले, तोपर्यंत भांडताही येईल त्याच्याशी.

मिस्त्रीचं नंतर सगळ्यांना कळलं. चार जणांनी वर्ग सोडला, पण तोवर आकडा लिहून गेला होता. मावशींनी नाही सोडला. म्हणाल्या, आता एवढं आलंय तर पुढे काय होतं बघू. बाई माझ्याशी पहिल्यासारख्याच वागतात, म्हणजे खडू मागतात. फक्त एकदा, बाकी कुणी नसताना, म्हणाल्या की तुमचा उच्चार चांगला आहे. मी विचारलं, वारुम? त्या म्हणाल्या, "चांगला आहे म्हणून."

असो. सगळं सुरळीत आहे म्हणायचं. आता मला त्यांचं जर्मन बऱ्यापैकी कळतं, माझ्यासमोर काही लपून राहत नाही. पण गेल्या आठवड्यापासून काय झालंय... फ्रेंचवाले सर आणि बाई माझ्या टेबलासमोर उभं राहून फ्रेंचमध्ये बोलायला लागलेत. बाईंना फ्रेंच येतं हे बावीस वर्षांत मला माहीत नव्हतं. हळू बोलतात, मग जोरात बोलतात, मग माझ्याकडे बघतात, आणि सर, जे नेहमी रडतात, ते हसतात. फ्रेंचचा हजेरीपट माझ्याकडेच असतो. पहिल्या वर्गात चौदा आहेत. मोजणी या महिन्याच्या शेवटी.

मला सगळं कळतंय. डाव कळतोय, गळ दिसतोय, गळाला काय लावलंय तेही दिसतंय. मी संशयी माणूस नाही, पण मूर्खही नाही.

सोमवारी सातला फ्रेंचचा माझा पहिला तास आहे. वही घेतलीय.